सोडून दिलेली पहिली धार

हिराबाईंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, ह्यो तुमचाच रिपोर्ट ना?"

माझाच होता. वर माझ्या लॅबचं नाव, खाली माझी सही, मध्ये त्यांच्या मुलाचं नाव. 'नॉट डिटेक्टेड' या शब्दांभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता. रिपोर्ट त्यांच्या बोटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होता. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. एकाने 'अभिनंदन भाऊ' असंही लिहिलं होतं. लैंगिक आजाराची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून अभिनंदन स्वीकारणारा पेशंट मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

"माझाच आहे," मी म्हटलं. "पण तो ग्रुपवर कुणी टाकला?"

"रुपेशनंच. लपवायचं काय हाय त्यात? चांगला आलाय." हिराबाई खुर्चीत नीट सरसावून बसल्या. "आता तुमी एक करा. रोग सुनेचा हाय, आमच्या पोराचा न्हाय, असं दोन वळीत लिवून द्या. रविवारी तिच्या माहेरची मानसं येनार हायत. कागद हातात असला की बोलाया बरं पडतं."

रविवारी काय बोलायचं होतं ते बोर्लीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. हिराबाईंची सून दीपाली मुरुडला माहेरी होती. तिला परत आणायचं की सोडचिठ्ठी करून मोकळं व्हायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. ठरणार म्हणजे काय, ग्रुपवरची फुलं पाहता ठरलेलंच होतं. फक्त माझ्या दोन ओळी यायच्या होत्या.

मी मुंबईत सरकारी हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजी विभागात नोकरी केली. जंतू शोधणं हे काम. रिटायर झाल्यावर गावी, बोर्ली पंचतनला, छोटी लॅब टाकली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी माझी डिग्री. वडील शाळेत मास्तर होते, दोन्ही फ्रेम त्यांनीच करून आणलेल्या. रक्त, लघवी, शुगर, थायरॉइड इथेच होतं. मोठ्या टेस्ट असतील तर सॅम्पल बर्फाच्या पेटीतून नवी मुंबईच्या लॅबला जातात. बर्फाची आमच्या किनाऱ्यावर टंचाई नाही. वेळेवर येणाऱ्या गाडीची आहे.

दीपालीची केस माझ्याकडे श्रीवर्धनच्या डॉ. नाझनीनकडून आली. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. कमी बोलतात, आणि बोलतात ते कामाचं. दीपालीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. ओटीपोटात दुखायचं, पाळी नसतानाही मध्येच रक्त जायचं. हिराबाईंनी तिला म्हसळ्यापासून माणगावपर्यंत सगळे डॉक्टर दाखवले होते. एकाही डॉक्टरने नवऱ्याला बोलवा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तो बोटीवर असता. प्रत्येकाने अँटिबायोटिक मात्र दिलं. थोडे दिवस बरं वाटे, मग पहिले पाढे पंचावन्न.

"ताई," नाझनीन फोनवर म्हणाल्या, "गोनोरिया नाही, क्लॅमिडिया नाही, टीबीही नाही. तरी सूज हटत नाही. मला मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम वाटतंय. पीसीआरला स्वॅब पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.

नाव लांबलचक आहे, पण जंतू फार म्हणजे फारच छोटा. शरीरसंबंधातून पसरतो. मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. लॅबमध्ये वाढवायला जावं तर कित्येक आठवडे घेतो, आणि बऱ्याचदा वाढतच नाही. त्यामुळे आमच्या उमेदीच्या काळात त्याला कोणी शोधत नसे. शोधत नव्हतो म्हणून सापडत नव्हता, आणि सापडत नव्हता म्हणून 'आपल्याकडे नाही' असं आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. त्याची आणखी एक खोड आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूची भिंत पाडतात. याला भिंतच नाही. मग पाडणार काय? दीपालीने खाल्लेल्या औषधांतली निम्मी या घराण्यातली होती.

पीसीआर ही त्यावरची तोड. जंतूच्या आत त्याचा स्वतःचा असा डीएनए असतो. त्यातला एक नेमका तुकडा धरायचा आणि मशीनमध्ये त्याच्या प्रती काढत राहायच्या. एका चिठ्ठीच्या इतक्या झेरॉक्स काढल्या की गठ्ठा लांबूनही दिसतो, तसं. सॅम्पलमध्ये चिठ्ठी असेल तर गठ्ठा दिसतो. नसेल तर मशीन 'नॉट डिटेक्टेड' म्हणतं. जंतू आहे की नाही एवढंच ते सांगतं. कोणी कोणाला दिला, कधी दिला, हे सांगत नाही. कधी कधी तो वर्षानुवर्षं गुपचूप बसून असतो. लोकांना नेमकं तेवढंच हवं असतं, जे मशीन सांगत नाही.

दीपालीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नाझनीननी नवऱ्याचीही टेस्ट करायला सांगितली, तेव्हा हिराबाई सुनेच्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. रुपेश बोटीवरून उतरला, माझ्याकडे आला, सॅम्पल देऊन गेला. तो रिपोर्ट निगेटिव्ह. त्याच आठवड्यात दीपालीची बॅग भरली गेली.

म्हणून हिराबाई आता माझ्यासमोर बसल्या होत्या.

"असं लिहून देता येत नाही," मी म्हटलं. "एकाचा निगेटिव्ह आला म्हणून दुसऱ्याने रोग आणला, असं होत नाही."

"मंग कसं होतं? पोराला काय झालंय? काय न्हाय. लगवीची जळजळ हाय तेवढी. उन्हाळी लागलीय."

मी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"झालं की वरीस. मी रोज शहाळं देतंय. बोटीच्या डब्यात गोळ्या पन असतात, त्या घेतो. बरं वाटतं, मंग परत लागते."

उन्हाळी माझ्या ओळखीची आहे. शहाळी पिऊन ती दोन-चार दिवसांत जाते. श्रावणातही मुक्काम ठोकून राहणारी उन्हाळी मी पाहिलेली नव्हती.

"हिराबाई, रुपेशला पाठवा. सॅम्पल परत घ्यायचं आहे."

"कशाला? चांगला आलाय की."

"रविवारी कागद दाखवायचा आहे ना? पक्का नको?"

त्यांना ते पटलं. "व्हय, पक्का बरा," म्हणत त्या उठल्या. मी खोटं बोलले नव्हते. पण त्या ज्या अर्थाने खूश होऊन गेल्या, तो माझा नव्हता.

रुपेश संध्याकाळी आला. तेहतिशीचा, उंचापुरा, बोटीवरचा तांडेल. म्हणजे समुद्रात सगळे त्याचं ऐकतात. जमिनीवर तो आईचं ऐकतो.

"मागच्या वेळी सॅम्पल कसं दिलंस?" मी विचारलं.

त्याला प्रश्नाचा रागच आला. "मॅडम, ह्यात मला शिकवायचं काय हाय? तीनदा मुतखडा झालाय. आमच्या बोटीवर मुतखडा न्हाय असा मानूस दाखवा."

ते खरंच होतं. आठ-आठ दिवस समुद्रात, अंगाला घामाच्या धारा, पिण्याचं पाणी जपून. आमच्या बंदरावर मुतखडा घरटी एक. त्यामुळे लघवीचं सॅम्पल देण्यात इथली माणसं तरबेज झाली आहेत. काउंटरवरच्या सुषमाताई येणाऱ्या प्रत्येकाला एकाच चालीत सांगतात, "धुऊन घ्या, पहिली धार सोडा, मधली धरा." बंदरावर ते शाळेतल्या प्रार्थनेइतकं पाठ आहे.

"तरी सांग."

"धुतलं. पयली धार सोडली. मधली धरली. आन त्याच्या आधी एस्टी स्टँडवर जाऊन आलेलो, म्हनजे सगळं साफ."

मी डोक्याला हात लावला. मुतखड्यासाठी, साध्या इन्फेक्शनसाठी त्याचं सगळं बरोबर होतं. तिथे वरची, मूत्राशयातली लघवी तपासायची असते. पहिली धार मार्गातली घाण घेऊन येते आणि रिपोर्ट बिघडवते, म्हणून ती सोडायची. पण हा जंतू राहतो तो नेमका त्या मार्गातच. पहिली धार त्याला धुऊन बाहेर आणते. या टेस्टला तीच लागते, आणि त्याआधी तास-दोन तास लघवीला गेलेलं चालत नाही. रुपेशने अर्धे जंतू एस्टी स्टँडला दिले होते आणि उरलेले आमच्या संडासात सोडले होते. डबीत आली ती निर्मळ लघवी. तिला मशीनने निर्मळ म्हटलं.

मी सुषमाताईंना आत बोलावलं. "याला त्या दिवशी काय सांगितलंत?"

"मी विचारलं, 'माहीत आहे ना?' हा म्हणाला, 'व्हय.'" त्यांनी पदर सावरला. "असल्या टेस्टबद्दल मी बाईमाणसाने त्याहून जास्त काय बोलायचं, मॅडम?"

"आन मी तरी ताईंना काय इचारनार?" रुपेश म्हणाला.

सूचनांचा छापील कागद होता, मोठ्या अक्षरात. तो संडासातल्या फळीवर ठेवलेला होता, आणि ओली डबी कशावर तरी ठेवायला हवी म्हणून रुपेशने ती त्यावर ठेवली होती. दोन सभ्य माणसांनी एकमेकांचा मान राखला, आणि त्यापायी तिसरीची बॅग भरली गेली.

त्याला पंख्याखाली बसवून ठेवलं. चहा नाही, बाहेर जाणं नाही. वेळ झाल्यावर मी स्वतः डबी हातात दिली आणि उजळणीला सुरुवात केली. तांडेल माणूस लाजेने लालबुंद झाला. "पयलीच धरायची," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "समजलं."

रिपोर्ट शुक्रवारी आला. पॉझिटिव्ह. त्याखाली आणखी एक ओळ होती. या जंतूवर नेहमी जी गोळी देतात, ती याच्यावर चालणार नव्हती. बोटीच्या औषधाच्या डब्यात तीच गोळी असते. जळजळ झाली की रुपेश दोन घ्यायचा, कमी झाली की डबा बंद. जंतू मरण्याऐवजी त्या गोळीला सरावले होते. आता नाझनीनना दुसरी औषधं दोन टप्प्यांत द्यावी लागणार होती.

"मशीन बिघडलं असंल," रुपेश म्हणाला.

"मागच्या वेळी तेच मशीन होतं. तेव्हा बरं चालत होतं?"

त्याने रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग हळूच म्हणाला, "आयला सांगनार तुमी?"

"नाही. तुझा रिपोर्ट तुझा. तुझ्या परवानगीशिवाय मी कोणालाही सांगत नाही. आईलासुद्धा नाही."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र भयंकर राग आला. चुकीचा रिपोर्ट अख्ख्या बंदराने फुलं वाहून वाचला होता. बरोबर रिपोर्ट कपाटात कुलपाखाली ठेवणं हे माझं कर्तव्य होतं. दीपालीची बदनामी होत होती तेव्हा कोणता नियम आडवा आला नव्हता. तिला सोडवायची वेळ आली तेव्हा सगळे नियम रांगेत उभे होते. आणि ते नियम चांगले आहेत, हे मी नोकरीभर शिकाऊ डॉक्टरांना शिकवत आले होते.

"पण बायकोला सांगावं लागेल," मी म्हटलं. "औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. नाहीतर तू तिला देशील, ती तुला देईल, आणि नाझनीन मॅडम दोघांना गोळ्या देत बसतील. उद्या तिला इथे बोलव. तूच सांगायचंस."

"रविवार झाल्यावर सांगतो की."

"उद्या, रुपेश."

थोड्या वेळाने हिराबाईंचा फोन आला. "मॅडम, दुसरा काय आला?"

"रुपेशला विचारा."

"म्हंजे चांगलाच आला."

"हिराबाई, मी काहीच म्हटलेलं नाही."

"तेच ना. वाईट असता तर तुमी बोलला असता."

दीपालीचा वाईट आला तेव्हा मी बोलले नव्हते. ती स्वतः सासूपाशी बोलली होती, खरं सांगितलं की औषध लवकर मिळेल म्हणून. हे मी फोनवर म्हणू शकत नव्हते.

शनिवारी दीपाली आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरली आणि तिथून एकटीच आली. भावाला तिने जेट्टीवरूनच परत पाठवलं होतं. सडपातळ, सावळी, हातात नाझनीनची फाइल. ती माझ्यासमोर बसली, रुपेश दाराजवळ उभा राहिला. मी दोघांना जंतू समजावून सांगितला, पहिली धार समजावून सांगितली. पुढचं माझं काम नव्हतं.

रुपेशने खिशातून रिपोर्ट काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने वाचला. पुन्हा वाचला.

"मॅडम, कोनाकडून कोनाला, ते यात येतं?"

"नाही."

"मशीनला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय." आणि रुपेशकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याची नजर फरशीवर होती, आणि तो जे बोलला नाही ते मला तरी पुरेसं स्पष्ट ऐकू आलं.

"पयला ग्रुपवर टाकलास," दीपाली म्हणाली. "ह्यो पन टाक."

"लाज जाईल गं."

"माजी गेली ती कुठं ठेवलीय?"

सुषमाताई काउंटरवर उगाच स्टेपलर वाजवत होत्या. तो आवाज थांबला.

"दीपाली, औषध मात्र चुकवू नकोस," मी म्हटलं. "भांडण वेगळं, औषध वेगळं."

"औषध घेनार मी. माज्या अंगासाठी घेनार. पन जेट्टी ओलांडून परत यायची न्हाय. ग्रुपवर येत न्हाय तवर." ती उठली, फाइल पिशवीत घातली. "रविवारी कोन मला सोडतंय ते नको बघूस. मी सोडंन."

ती गेल्यावर रुपेश बराच वेळ बाकावर बसून होता. टाइप करायचा, खोडायचा. एकदा त्याने मला विचारलं, "मॅडम, 'पॉझिटिव्ह' शब्द न वापरता पॉझिटिव्ह कसं लिवायचं?" मी म्हटलं, ते मला आलं असतं तर मी लॅब कशाला काढली असती.

शेवटी त्याने लिहिलं, आणि ते पाठवण्याआधी मला दाखवलंही. 'माझा पहिला रिपोर्ट चुकीचा होता. सॅम्पल नीट गेलं नव्हतं. लॅबची चूक झाली. माझ्या बायकोचा काही दोष नाही. कोणी तिला बोलायचं नाही. उद्याची बैठक रद्द.'

'लॅबची चूक' हे तेवढं त्याच्या पदरचं होतं. तसं बघायला गेलं तर ते पूर्ण खोटंही म्हणता येत नव्हतं. सुषमाताई आमच्याच ना. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "पाठव."

बंदराने त्या मेसेजवर रात्रभरात शास्त्रशुद्ध विचार केला. पहिला रिपोर्ट चुकीचा, म्हणजे लॅब चुकीची. लॅब चुकीची, म्हणजे दीपालीचाही रिपोर्ट चुकीचा. म्हणजे रोग कोणालाच नव्हता. सगळ्यांची अब्रू शाबूत राहिली, एका माझ्या लॅबची सोडून. दीपाली सोमवारी परत आली. बंदरावरचे पेशंट मंगळवारपासून शुगर तपासायला श्रीवर्धनला जाऊ लागले.

हिराबाई मला बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेसमोर भेटल्या आणि चार माणसांदेखत म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मशीनपायी माज्या पोराचा संसार मोडला असता." माझ्या जिभेवर उत्तर होतं. नवी मुंबईच्या लॅबचं, सहीशिक्क्याचं उत्तर होतं. मी अर्धा किलो सोडे घेतले आणि घरी आले.

दोघांनी औषध पूर्ण केलं. लगेच टेस्ट करून चालत नाही. मेलेल्या जंतूंचे तुकडे काही दिवस राहतात आणि मशीन त्यांच्याही झेरॉक्स काढतं. म्हणून काही आठवडे थांबायला सांगितलं. रुपेश आला तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते त्याने आत आल्यावरही काढलं नाही.

"श्रीवर्धनला का गेला नाहीस?" मी विचारलं. "आमच्याकडे चुका होतात."

"मॅडम, ह्यो रिपोर्ट खरा पायजे," हेल्मेटच्या आतून तो म्हणाला.

दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. या वेळी खरोखरचे. रुपेशने सवयीने फोटो काढायला मोबाइल वर केला. दीपालीने त्याच्या हातातून तो काढून घेतला, स्वतःच्या पिशवीत टाकला आणि रिपोर्टची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. मला ती इतकंच म्हणाली, "अर्धं खरं बोलला तो, मॅडम. उरलेलं मी घरात वसूल करतंय." त्याच्या चेहऱ्यावरून वसुली जोरात चालू असावी.

गेल्या महिन्यात हिराबाई लॅबमध्ये आल्या. बरोबर दीपाली. हिराबाईंच्या हातात श्रीवर्धनचा शुगरचा रिपोर्ट होता. तो माझ्यापुढे ठेवून त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "बघा जरा, ह्यो बरोबर हाय का?"

मी पाहिला. "बरोबर आहे. शुगर वाढली आहे."

"तुमी म्हनता तर असंल." मग त्यांना आपली भूमिका आठवली. "पन तुमचं मशीन अजून तसंच हाय का, बिघडलेलं?"

मी दीपालीकडे पाहिलं. ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारची माझी डिग्री वाचत होती, अक्षर न् अक्षर, मान वर करून.

"मशीन चांगलं हाय, आई," मान न वळवता ती म्हणाली. "बिघाड दुसरीकडं व्हता. दुरुस्त केलाय."

हिराबाईंनी मान डोलावली. सुषमाताईंनी तेवढ्यात एका खलाशाला डबी दिली आणि आता त्यांच्या नव्या चालीत, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुठली धार हवी ते डॉक्टरांनी सांगितलंय का? नसेल तर इथे बसा, मी सांगते."

टेस्ट कितीही महागडी असली तरी उत्तर तुम्ही डबीत काय देता त्याचंच येतं. हे मी पेशंटला सांगते. पेशंटच्या आईला सांगायची मला परवानगी नाही.